सूनबाईच्या दवाखान्यात माझी अकरा दिवसांची सर्दी

आमच्या घराण्यात शिंक ही साधी गोष्ट नाही. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्या एका शिंकेने समोरच्या फौजेचे चाळीस घोडे दावी तोडून पळाले, असं आजोबांनी वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी मला. वडिलांच्या तोंडी घोडे पंचवीस झाले होते. मी ते पुन्हा चाळीस केले, कारण पूर्वजांचं नुकसान आपल्या हातून होऊ नये. तेव्हा मागच्या थंडीत मला जी सर्दी झाली ती तुमच्या-आमच्या रुमालात मावणारी नव्हती, एवढं आधी समजून घ्या. तिसऱ्या दिवशी मी शिंकलो तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटे झाले. उलटवायला कोणी आलंच नाही, आपोआप दोन्ही बाजूंनी वाळले.

पण ही सर्दी चुकीच्या वेळी आली. आमच्या घरात तेव्हा एक निकाल लागायचा होता आणि माझं नाक त्याच्या आड आलं.

आमची सूनबाई डॉक्टर आहे. दसऱ्याला तिने आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो, त्याला टेबल आणि वीज मिळाली की इंदूर काय नि पुणे काय, सारखंच. त्यातच पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलने सूनबाईला नोकरी देऊ केली होती. तिने त्यांच्याकडून संक्रांतीपर्यंत मुदत मागून घेतली. मला स्पष्ट सांगितलं, "बाबा, तोपर्यंत दवाखाना मार्गी लागला तर राहू, नाही तर जाऊ." जाऊ म्हणजे ती, मुलगा आणि आमची चार वर्षांची नात. आता नात पुण्याला गेली असती तर दोन महिन्यांत शुद्ध मराठी शिकली असती आणि सुट्टीत इकडे येऊन माझ्या चुका काढत बसली असती. आत्ता ती सकाळी सकाळी माझ्या पोटावर बसते आणि सांगते, "आजोबा, मला दूध नको, सेव पाहिजे, और अभी पाहिजे." या भाषेत आम्हा दोघांचं उत्तम चाललंय. पस्तीस वर्षं वीज खात्यात लोकांचे मीटर वाचले, पण कुणाच्या जाण्याने घर किती अंधारेल याचा आकडा इतका लख्ख मला कधी दिसला नव्हता.

दवाखान्यात आठ खुर्च्या होत्या. पहिला महिनाभर त्यांच्यावरचं प्लॅस्टिकही निघालं नाही.

कारण सरळ होतं. चार गल्ल्या सोडून एक जुने डॉक्टर बसतात, त्यांना सगळे सुईवाले म्हणतात. त्यांच्याकडे सर्दी घेऊन जा, पोटदुखी घेऊन जा, नाही तर नुसते वाट चुकून जा, एक सुई ठरलेली. वर कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या, त्यातली एक हमखास अँटिबायोटिक. माणूस बाहेर येतो तो दंड चोळत येतो, आणि दंड दुखला की काहीतरी इलाज झाला असं त्याला वाटतं. आमच्या सूनबाईचं उलटं. ती घसा बघणार, कान बघणार, छातीला पुढून मागून नळी लावणार, वीस प्रश्न विचारणार, आणि शेवटी म्हणणार की सर्दी आहे, आठवड्यात आपली आपण जाईल, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, वाफ घ्या, ताप वाटला तर ही एक गोळी. लोक कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघायचे. एक बाई तर उठता उठता म्हणाली, "बस? इत्ता तो मेरी सास भी बता देती है."

मी सूनबाईला समजावून पाहिलं. म्हटलं, बेटा, लोकांना गुळणीने समाधान होत नाही, एखादी कॅप्सूल टाकून दे ना, कुणाचं काय जातं. तिने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. ती तो काढते तेव्हा समजावं की आता आपली तपासणी आहे.

"बाबा, सकाळी कचऱ्याची गाडी येते. तुम्ही सुक्याच्या कप्प्यात ओला कचरा टाकलात तर काय होतं?"

म्हटलं, गाडीवरची बाई अख्ख्या गल्लीसमोर इज्जत काढते आणि डबा परत हातात देते. हे मी अनुभवाने बोलत होतो. इंदुरात माणूस पोलिसाला एक वेळ भीत नाही, पण त्या बाईला भितो.

"मग अँटिबायोटिक म्हणजे सुक्याची गाडी समजा. ती फक्त जिवाणू उचलते. सर्दी विषाणूंची असते, तो झाला ओला कचरा. गाडी शंभरदा दारात आली तरी तो उचलणार नाही. उलट येता-जाता तुमच्या अंगणातल्या कुंड्या फोडून जाईल."

"कुंड्या कुठल्या?"

"पोटात चांगले जिवाणूही असतात, त्या कुंड्या. आणि उगाच रोज रोज गाडी फिरवली की कचरा शहाणा होतो, लपायला शिकतो. मग एखाद्या दिवशी खरंच गरज पडते, गाडी येते आणि रिकामी परत जाते. त्या दिवशी माणूस दगावतो, बाबा."

मला पटलं. पटणं हा माझा स्वभाव आहे, वागणं हा वेगळा विषय. मी ठरवलं की औषधाच्या बाबतीत सूनबाईने तिचं शास्त्र पाळावं आणि गर्दीच्या बाबतीत आपण आपलं. दुसऱ्या दिवसापासून मी स्वेटर घालून, पेपर घेऊन, दवाखान्यातल्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायला लागलो. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत एक माणूस दिसला पाहिजे. जिथे कोणी बसलेलं नाही तिथे इंदूरचा माणूस पोहेसुद्धा खात नाही, तिथे तो तपासून काय घेणार. मी अधूनमधून खोकायचो, कधी कपाळाला हात लावून बसायचो, एकदा लंगडलोही. माझ्या या कामाने किती पेशंट वाढले ते मी सांगत नाही, लोक म्हणतील फेकतोय. पण तीन वाढले.

मग डिसेंबरात मी जुन्या दोस्तांच्या मेळाव्याला स्कूटरवरून महूला गेलो. मफलर घरी राहिला. येताना एका गाडीवर गरमागरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, खाल्ले, वर जिरावण मसाला, वर लिंबू. रात्रीपर्यंत नाकाचा नळ सुटला. मी सूनबाईला म्हटलं, हवा लागली आणि गराडू बाधला. ती म्हणाली, हवेने आणि गराडूने सर्दी होत नसते, मेळाव्यात कोण शिंकत होतं ते सांगा. मी आठवून पाहिलं तर सगळेच शिंकत होते. या वयात मेळावे त्यासाठीच भरतात.

तिने मला तपासलं, अगदी रांगेतल्या पेशंटसारखं. छाती साफ, कान साफ, ताप नाही. मिठाच्या गुळण्या, वाफ, झोप, भरपूर पाणी. झालं. मी रोज कॅप्सूल मागायचो, ती रोज नाही म्हणायची. मी वाफ घ्यायचो तेव्हा पातेल्यावर डोकं आणि डोक्यावर सोलापुरी चादर, आणि नात चादरीत शिरून विचारायची की आजोबा, आत काय शिजतंय.

आणि इथेच माझी हुशारी माझ्या अंगावर आली. मी सजावटीचा पेशंट म्हणून रोज त्या खुर्चीत बसलेलो सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. आता खरा पेशंट झालो तरी त्याच खुर्चीत होतो, कारण उठलो असतो तर खोली रिकामी दिसली असती. पाचव्या दिवशी लोक खिडकीतून डोकावून विचारायचे, अजून? सातव्या दिवशी विचारणंही बंद झालं, नुसतं बघून मान हलवायचे. दूधवाला, ज्याच्या दुधाबद्दल मी पंधरा वर्षं गप्प बसलोय, तो मला म्हणाला, "घर का मरीज ठीक नहीं हो रिया भिया, तो बाहर वाले का क्या होगा."

आठव्या दिवशी भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासचे सर आले. गणित शिकवतात. घसा बसलेला, आवाज असा की फुटक्या नळातून हवा यावी. त्यांच्या एका वर्गात दोनशे पोरं बसतात, आणि ती पोरं ज्या हॉस्टेलांत राहतात त्यांत सरांचा शब्द म्हणजे कायदा. मी मनातल्या मनात आठही खुर्च्या भरून टाकल्या. सर माझ्या शेजारी टेकले आणि विचारलं, "बाबूजी, आपको कित्ते दिन हो गए?"

मी तीन म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि शिंक आली, घराण्यातली. शिंकेतून सावरेपर्यंत दूधवाल्याने बाहेरून आठ सांगून टाकले. सरांनी विचारलं, दिखाया किसको? मला नाइलाजाने सांगावं लागलं की बहूला. सरांनी आतल्या पडद्याकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि क्लासची वेळ झाली म्हणून निघून गेले. सूनबाई पडदा सारून बाहेर आली तेव्हा त्यांची खुर्ची अजून कोमट होती. त्या दिवशी दुपारी तिने माझ्या मुलाला विचारलेलं मी ऐकलं, की पुण्यात मुलीला वर्षाच्या मध्येच घेतील अशी शाळा कोणती.

इथे माझ्या डोक्यात जी कल्पना आली ती त्या वेळी मला फार थोर वाटली होती. सूनबाईचं म्हणणं खरं आहे, अँटिबायोटिकशिवाय सर्दी बरी होते. लोकांना ते पटण्यासाठी मी बरा झालेलो दिसलं पाहिजे. आणि लवकर बरं व्हायला, अर्थातच, एखादी जोरदार अँटिबायोटिक घ्यायला हवी. गुपचूप. मी बरा होईन, श्रेय गुळण्यांना देईन, दवाखाना लागेल, नात इथेच राहील. यात कुठे गडबड आहे हे तुम्हाला आत्ता दिसतंय, मला दिसलं नाही.

औषध कुठून आणायचं हा प्रश्न नव्हता, कारण आमच्या गल्लीत त्याची सोय होती. समोरच्या वहिनींकडे श्रीखंडाचा एक मोठा डबा होता. गल्लीत कुणाचंही दुखणं बरं झालं की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जमा व्हायच्या. कुणाच्या दातावरच्या, कुणाच्या पोटावरच्या, कुणाच्या जावयाच्या. पाच दिवसांच्या गोळ्या कुणीच पाच दिवस खायचं नाही. दोन दिवसांत बरं वाटलं की बाकीच्या डब्यात टाकायच्या, पुढच्याच्या उपयोगी पडतात. त्याला पुण्य समजायचे. वहिनींनी प्रत्येक पाकिटावर बॉलपेनने लिहून ठेवलं होतं: घसा, पोट, अंगदुखी, आणि काहींवर नुसतंच जोरदार. त्या कधी कुठल्या कॉलेजात गेल्या नव्हत्या, पण समोर बसलेल्याची उलटतपासणी अशी घ्यायच्या की मोठ्या हॉस्पिटलातल्यांनी शिकून घ्यावं.

"सर्दी पांढरी की पिवळी, भाऊजी?"

म्हटलं, सकाळपासून पिवळी.

"म्हणजे पिकली. आता गुळण्यांचं काम नाही." त्यांनी डब्यात हात घातला. "सूनबाईला माहितेय का?"

मी म्हटलं, तिच्यासाठीच तर चाललंय. त्यांनी मान डोलावली, जोरदार लिहिलेल्या पाकिटातून अर्धी लाल अर्धी पिवळी अशा तीन कॅप्सूल काढून दिल्या, आणि माझ्याकडून कुणालाही न सांगण्याची शपथ घेतली. भाच्याने दाढ काढली तेव्हाच्या होत्या. तारीखही अजून उलटली नव्हती, महिना शिल्लक होता.

पहिली मी तिथेच त्यांच्या चहाबरोबर घेतली. आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या दारापुढचा ओटला उतरेपर्यंत मला बरं वाटायला लागलं. नाक मोकळं, पाय हलके, दुनिया रंगीत. दुसरी दुपारी घेतली तेव्हा तर मी इतका ठणठणीत होतो की हाताला लागला असता तर नांगर धरला असता. नववा दिवस होता, सर्दी तशीही उताराला लागलेली होती, हे नंतर सूनबाईने सांगितलं. त्या वेळी सगळं श्रेय मी कॅप्सूलला दिलं मनात, आणि गुळण्यांना दिलं जनात. संध्याकाळी रस्त्यात सर दिसले. त्यांना थांबवून मी दीर्घ श्वास घेऊन दाखवला, दोन्ही नाकपुड्यांनी, आळीपाळीने. सांगितलं, फक्त मीठ आणि पाणी, बहूच्या हाताला गुण आहे. सरांना आश्चर्य वाटलं. घशातून जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणाले, परवा सकाळी येतो, हॉस्टेलची पोरंही खोकतायत, त्यांना आणतो.

तिसरी कॅप्सूल मी विजयाच्या आनंदात घेतली.

दहावा दिवस मी कुठे काढला हे विचारू नका. आमच्या घरात ती एकच खोली आहे जिला आतून कडी आहे, आणि दिवसभरात ती कडी मी एवढ्या वेळा लावली की तिचा आवाज बदलला. सूनबाईने सांगितलेल्या कुंड्या सगळ्या फुटल्या असाव्यात. बायकोने विचारलं तर गराडूवर ढकललं. ती म्हणाली, गराडू खाऊन दहा दिवस झाले, तो काय पायी आला का महूहून. मी उत्तर द्यायला थांबू शकलो नाही.

अकराव्या दिवशी सकाळी पाठ खाजायला लागली. आरशात पाहिलं तर पाठीवर अख्खा माळवा उमटलेला. लाल लाल गांध्या, एकीत एक मिसळलेल्या. मधोमध इंदूर, डाव्या खांद्याकडे देपालपूर, आणि महू ज्या ठिकाणी होतं ते दाखवता आलं नसतं. बघता बघता सरहद्द मानेपर्यंत आली. आणि नाक? नाक वाहतच होतं.

मी मफलर गुंडाळून बाहेर आलो आणि पाहिलं तर दवाखाना भरलेला. सर आले होते, बरोबर हॉस्टेलची पाच पोरं. वहिनीही येऊन बसल्या होत्या, आपल्या कॅप्सूलचा गुण बघायला. सात खुर्च्या भरलेल्या आणि आठवी माझी. दसऱ्यापासून ज्या दृश्यासाठी मी रोज लंगडत होतो ते समोर होतं, आणि मी हात मागे नेऊन मफलरच्या टोकाने पाठ खाजवत होतो.

सूनबाईने मफलर एका हाताने ओढला. मान पाहिली, पाठ पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, श्वास घ्यायला त्रास होतोय? जीभ दाखवा. ओठ जड वाटतायत का?" तिने माझी नाडी धरली. "काय खाल्लंत? काय घेतलंत?"

मी गराडू म्हणालो. दहा दिवसांत मी त्या गराडूवर एवढे आळ घेतले की त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावायला हवा होता. सूनबाईने आणखी दोनदा विचारलं. मग ती सगळ्यांकडे वळून म्हणाली की माफ करा, आज दवाखाना बंद ठेवावा लागेल, हे कशाने झालंय ते कळत नाही, यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं. सर उठले. पोरंही उठली, आणि एकाने शटरच्या बाजूला चप्पल शोधायला सुरुवात केली.

ती सगळी माणसं दारातून निघाली की त्यांच्यामागून माझी नातही निघाली, असं मला त्या क्षणी दिसलं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी सांगितल्या, पण अशी घाईने खरी गोष्ट कधी सांगितली नव्हती. सर्वांसमोर, हिंदीत आणि मराठीत, म्हटलं की थांबा, मी चोरून अँटिबायोटिक खाल्ली. तीन. गुळण्यांनी बरा झालो हे झूठ होतं. बराही झालो नाही, हे बघा. आणि खरंच शिंकलो.

वहिनी छताकडे बघत होत्या.

सूनबाईने हळूच विचारलं, "कशासाठी, बाबा?"

"तुझा दवाखाना लागावा म्हणून."

तिने मफलर माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "माझ्यासाठी चोरून खाल्लंत, तर माझ्यासाठी खरं आधी सांगायचं होतं. मला वाटलं तुमचा जीव चाललाय."

गोळ्या कुठून आल्या ते मी शपथ मोडून सांगितलं, तशी वहिनींना डबा आणायला पाठवलं. सूनबाईने पाकीट बघितलं, नाव वाचलं, आणि तिचा श्वास परत जागेवर आला. माणसाला काय झालंय हे कळलं की डॉक्टरचं अर्धं दुखणं बरं होतं. तिने मला ऍलर्जीची सुई दिली. हो, सुई. माझ्या मनात आलं की निदान दंड चोळायला तरी मिळाला. मग मला तिच्या टेबलासमोर बसवलं, दोन तास तिच्या नजरेखालून हलायचं नाही, श्वास लागला तर बोलायचं. एका कागदावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून माझ्या खिशात घातलं, हे पुन्हा कधीच घ्यायचं नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हा कागद.

वहिनींनी तेवढ्यातही आपल्या डब्याची बाजू घेतली. म्हणाल्या, गोळी चांगलीच होती, भाच्याला दाढेला लगेच लागू पडली होती, भाऊजींच्या पाठीनेच दगा दिला.

"लागू पडली होती ना काकू, मग उरली कशी?" सूनबाई म्हणाली. "ती पूर्ण संपवायची होती."

वहिनींनी डब्याचं झाकण स्वतः लावलं. आमच्या गल्लीच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

सर अजून दारात उभे होते. त्यांना हे सगळं फार काही मोलाचं वाटलं असेल असं समजू नका. ते बसले आणि त्यांनी थेट विचारलं, "मैडम, मुझे भी ऐसा होगा क्या? मुझे कल तीन बैच लेना है. कड़क गोली चाहिए."

मी असतो तर म्हटलं असतं, होणार, यापेक्षा वाईट होणार. सूनबाईने तसं केलं नाही. तिने सरांना तपासलं आणि सांगितलं की तुम्हाला बहुतेक काहीही होणार नाही, पुरळ सगळ्यांना येत नाही. पण त्या गोळीने तुमचा आवाज एक तासही लवकर येणार नाही. माइक लावा, कमी बोला, तीन दिवसांनी दाखवा. सर कागद खिशात घालून निघाले ते सरळ सुईवाल्यांकडे गेले. दूधवाल्याने पाहिलं.

पण पोरांना थांबायचंच होतं, क्लास बुडत होता. चौघांना तिने गुळण्या सांगितल्या. पाचवा देपालपूरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, कोपऱ्यात गप्प बसलेला. त्याला फक्त परीक्षेपुरती खोकल्याची बाटली हवी होती. त्याच्या पाठीला सूनबाईने नळी लावली ती काढेचना. एकाच जागी पुन्हा पुन्हा ऐकलं. ताप मोजला, मिनिटभर घड्याळ धरून त्याचे श्वास मोजले. मग पेन घेतलं आणि अँटिबायोटिक लिहिली. छातीचा फोटो काढून आण, न्यूमोनिया दिसतोय, ही गोळी आजच सुरू कर, आणि बरं वाटलं तरी एकही मागे ठेवायची नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, अकरा दिवस मी गयावया करतोय, मला नाही, आणि ह्याने मागितलीसुद्धा नाही तर ह्याला?

"मागण्यावर नसतं ते, बाबा. मी छातीला विचारते."

फोटोत न्यूमोनियाच निघाला. मुलाच्या वडिलांना रोज फोन करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याने गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत खाल्ल्या, कारण मी रोज दोनदा हॉस्टेलवर जाऊन त्याला माझी पाठ दाखवायचो. ते वडील एका रविवारी बसने आले, बरोबर पोतंभर हिरवे हरभरे, आणि आपल्या तालुक्यात जाऊन त्यांनी सांगितलं की इंदुरात एक मराठी डॉक्टरीण आहे, ती गोळी देत नाही म्हणजे चिंता नाही, आणि देते म्हणजे खरंच घाबरावं. मी इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, पण एवढी नेमकी जाहिरात मला जमली नसती.

डब्याचं म्हणाल तर वहिनींनी दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच सगळी पाकिटं कचऱ्याच्या गाडीवरच्या बाईसमोर नेली. त्या बाईने औषधांचा कप्पा वेगळा आहे म्हणून त्यांना परत पाठवलं आणि नीट वेगळं करून आणायला लावलं.

संक्रांतीला दवाखाना तुडुंब भरला होता असं मी बाहेर सांगतो. खरं सांगायचं तर पाच खुर्च्या भरल्या होत्या. दुपारी पुण्याहून फोन आला. सूनबाई आतल्या खोलीत तीळ निवडत होती. मी दाराआड उभा राहिलो. तिने त्यांचे आभार मानले, संधी चांगली आहे म्हणाली, मी दाराला आणखी चिकटलो. मग म्हणाली, "नाही सर, यायला जमणार नाही. इथे माझा एक पेशंट आहे, त्याच्यावर नजर ठेवायला दुसरं कोणी नाही. तो चोरून औषधं खातो."

मला राहवलं नाही. दारातून डोकं आत घालून म्हटलं, "एकच पेशंट काय सांगतेस? आज पाच होते, मी मोजलेत."

तिने फोनवर हात ठेवला. "सहा होते. एक बाळ होतं मांडीवर, तुम्ही खुर्च्या मोजल्यात."